उन्हाळ्यातील शाळा : एका बाप्तिस्त मंडळीचा उद्योग आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागे वळून पाहावे, वाडवडिलांचे उपकार स्मरावे आणि परमेश्वराचे आभार मानावे, हा आपला जुना प्रघात आहे. आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी तो यथासांग पाळिला आहे. मंदिराचा पाया कसा घातला गेला, घंटा कशी आली, दुष्काळात व साथीत धर्मगुरूंनी लोकांस कसा धीर दिला, हे सर्व आपण मनोभावे ऐकिले. आम्हांस मात्र समितीने मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. ह्या विषयावर उपदेश करणे फार सोपे. परंतु उपदेश ऐकून ऐकून कान किटतात आणि मने निबर होतात. म्हणून आज उपदेश बाजूस ठेवून आम्ही एक इतिहास सांगावयाचे योजिले आहे.

हा इतिहास आपल्या धर्मग्रामाचा नव्हे, आपल्या देशाचा नव्हे, आणि आपल्यापैकी काहींस नवल वाटेल, पण तो आपल्या पंथाचाही नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातल्या एका बाप्तिस्त मंडळीतील एका बाईने सन १८९८ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरील मुलांसाठी काय केले, त्याचा हा वृत्तांत आहे. कॅथलिक धर्मग्रामाच्या महोत्सवात बाप्तिस्तांची कथा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर हे की, १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तैक्याविषयी जे आदेशपत्र काढिले त्यात विभक्त बंधूंमध्ये जे जे ख्रिस्ताचे म्हणून चांगले आढळेल ते आपण आनंदाने मान्य करावे, असे आपणांस सांगितले आहे. आणि मधमाशी मध घेताना फूल कोणाच्या वाडीतले आहे, हे विचारीत नाही.

प्रथम ह्या पंथाची थोडी ओळख करून घेऊ. बाप्तिस्त मंडळ्यांचा उगम सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातून देशत्याग करून गेलेल्या लोकांत झाला. त्यांच्या मते बाप्तिस्मा हा स्वतःच्या तोंडाने श्रद्धा प्रगट करणाऱ्यासच द्यावा. म्हणून ते तान्ह्या बालकांस बाप्तिस्मा देत नाहीत, आणि देतात तेव्हा पाण्यात संपूर्ण बुडवून देतात. त्यांची प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. मराठी वाचकांस ह्या पंथातील एक नाव तरी परके नसावे. श्रीरामपूर येथे राहून १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापणारे विल्यम केरी हे बाप्तिस्त मिशनरी होते, आणि त्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस मोठे साहाय्य झाले. त्यांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी आपले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तपुराण रचून १६१६ साली छापविले, हे आपण अभिमानाने सांगतो. पंथ भिन्न खरे. परंतु लोकांच्या भाषेत त्यांच्यापाशी गेले पाहिजे, हे दोघांनीही ओळखिले होते.

मुलांस रविवारी एकत्र जमवून शिकविण्याची जी चाल प्रॉटेस्टंट देशांत पडली, तिचा आरंभ साधारणतः १७८० सालापासून धरितात. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रकाराने कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा चालविली. ती मुले सहा दिवस कामावर असत. मोकळा दिवस तो एकच. पुढे १७८५ साली लंडनमध्ये अशा शाळांना साहाय्य करणारी संस्था निघाली, ती काढणारे विल्यम फॉक्स हे बाप्तिस्त गृहस्थ होते. म्हणजे रविवारचा दिवस मुळात निवडिला गेला तो मुलांस दुसरी सवड नव्हती म्हणून. परंतु काळ पालटला. कायद्याने मुलांचे काम हळूहळू बंद होत गेले, सरकारी शाळा निघाल्या, शाळांस उन्हाळ्याची लांब सुट्टी पडू लागली. तरी धर्मशिक्षण आपले त्या एका रविवारच्या एका तासाला चिकटून बसले. चाल राहिली, पण चालीमागचे कारण उडून गेले. हे प्रथम ज्यांच्या ध्यानी आले त्यांत बहुतेक शिक्षकवर्ग आणि स्त्रिया होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुट्टीतील शाळेचे तुरळक प्रयत्न आधीही झाले. १८६६ साली बोस्टन शहरी आणि १८७७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे असे वर्ग भरल्याचे उल्लेख आहेत. इलिनॉय प्रांतातील होपडेल ह्या लहान गावी १८९४ साली श्रीमती मायल्स ह्या शिक्षिकेने चाळीस मुलांची चार आठवडे शाळा घेतली. ही बाई रविवारी धर्म शिकवी आणि इतर दिवशी सरकारी शाळेत शिकवी. त्यामुळे रोजच्या शिकविण्याने मूल किती पुढे जाते आणि आठवड्यातून एकदाच्या शिकविण्याने किती, ह्याची तुलना तिला घरबसल्या करिता येत होती. वर्ग गावच्या शाळेत भरत आणि खेळ शेजारच्या बागेत होत. परंतु ज्या प्रयत्नातून पुढे जगभर पसरलेले कार्य उभे राहिले, तो न्यूयॉर्कचा. त्याकडे आता वळू.

त्या काळचे न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणावयास हवे. १८९८ सालच्या पहिल्याच दिवशी आसपासची नगरे जोडून त्या शहराचा मोठा विस्तार करण्यात आला होता. आयर्लंड, जर्मनी, इटली, पूर्व युरोप अशा देशोदेशींची गरीब कुटुंबे बोटींतून उतरत आणि शहराच्या पूर्व बाजूच्या भाड्याच्या चाळींत जागा मिळेल तेथे राहत. कित्येक खोल्यांस खिडकीच नसे. ह्या चाळींचे विदारक वर्णन जेकब रीस ह्या वार्ताहराने १८९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा सुखवस्तू लोकांस आपल्याच शहराची ओळख नव्याने झाली. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे उष्णतेची अशी लाट आली की हजारांहून अधिक माणसे दगावली. लोक रात्री छपरांवर व जिन्यांवर निजत. अशा ठिकाणी शाळेस सुट्टी लागली की मूल जाणार कोठे? आई-बाप कामावर, घरात श्वास घ्यावयास जागा नाही, तेव्हा उरला रस्ता. रस्त्याने मुलास जे शिकवावयाचे ते तो शिकवीतच होता.

ह्या गर्दीत आपल्या पंथाची मुलेही पुष्कळ होती, हे सांगितले पाहिजे. आयरिश व इटालियन कुटुंबे बहुतांशी कॅथलिकच. त्यांच्यासाठी पोप तेरावे लिओ ह्यांच्या सांगण्यावरून मदर फ्रान्सिस झेवियर काब्रिनी ह्या १८८९ साली न्यूयॉर्कला आल्या आणि इटालियन मुलांस धर्मशिक्षण देऊ लागल्या. १९४६ साली पवित्र सभेने त्यांस संतपद दिले. तेव्हा एकाच शहरात एक मठवासिनी आणि एक संसारी बाई, एक कॅथलिक आणि एक बाप्तिस्त, परदेशातून आलेल्या गोरगरिबांच्या मुलांकडे पाहत होत्या. संत काब्रिनी आपणांस ठाऊक आहेत. दुसरीची ओळख आज करून देतो.

ह्या बाईंचे नाव श्रीमती वॉकर ऑलेट हॉज. वॉकर ऑलेट हे त्यांच्या पतीचे नाव. ते डॉक्टर होते. इतिहासाने बाईंस बहुधा पतीच्याच नावाने ओळखिले आहे, आणि ज्या कोट्यवधी मुलांनी पुढे अशा शाळांत गीते म्हटली त्यांपैकी फारच थोड्यांस ते एवढे तरी नाव ठाऊक असेल. न्यूयॉर्कच्या एपिफनी बाप्तिस्त मंडळीच्या त्या सभासद होत्या. त्या मंडळीस ‘एपिफनी’, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाचे नाव असावे, हाही एक गोड योग म्हणावयाचा. कारण त्या सणाच्या शुभवर्तमानात दूर देशाहून आलेले लोक एका बालकाचा शोध घेतात, आणि येथे दूर देशांहून आलेल्या लोकांच्या बालकांचा शोध घेणारे कोणी तरी निघाले.

बाईंनी पाहिले की, मुले मंदिरात येत नाहीत. मग त्यांनी मुलांकडे जावयाचे ठरविले. पण बसावयाचे कोठे? त्या वस्तीत जागेची केवढी टंचाई, हे आताच सांगितले. जी जागा मिळाली ती ऐकून आजही पुष्कळांच्या भुवया वर जातील. तो होता एक बिअरचा गुत्ता! पूर्व बाजूचे ते मद्यगृह बाईंनी भाड्याने घेतले आणि १८९८ च्या उन्हाळ्यात तेथे मुलांची शाळा भरविली. तिचे नाव ठेविले ‘रोजची पवित्र शास्त्र शाळा’. ह्या नावातील ‘रोजची’ हा शब्द आपण नीट ऐकावा. सगळे मर्म त्यात आहे. रविवारची शाळा होतीच. नवी होती ती रोजची.

गुत्त्यात धर्मशिक्षण! बाप्तिस्त मंडळ्यांचा त्या काळी दारूला किती कडवा विरोध होता, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस बाईंच्या धैर्याची किंमत कळेल. आपल्याच मंडळीतील सज्जनांस हे रुचेल किंवा न रुचेल, ह्याचा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. तरी त्यांनी पवित्र जागेची वाट पाहिली नाही. प्रभू येशू गोठ्यात जन्मला, नावेत बसून बोलला, जकातदाराच्या घरी जेवला; त्याच्या शिकवणीस जागेचा विटाळ कधी झाला नाही. जागा मिळेल ती घ्यावी आणि तेथे उपासना, पवित्र शास्त्रातील कथा, वचनांचे पाठांतर, गीते, खेळ आणि हस्तकाम ह्यांनी मुलांचा दिवस भरून काढावा, असा त्या शाळेचा साधा क्रम होता. आणि खेळ व हस्तकाम ही मुलांस भुलविण्याची लाच नव्हती. खेळात न्याय शिकावा, हातांनी काही नीटनेटके करावे, हेही धर्मशिक्षणाचेच अंग आहे असे ह्या शाळा चालविणारे समजत.

चांगले काम एकट्याने आरंभिता येते. पण ते टिकवावयास दुसऱ्या कोणी तरी ते पाहावे लागते. येथे ते पाहणारे निघाले रेव्हरंड रॉबर्ट बोव्हिल. न्यूयॉर्क शहरातील बाप्तिस्त मिशन संस्थेचे ते चिटणीस होते. श्रीमती हॉज ह्यांची शाळा पाहून त्यांनी इतर बाप्तिस्त मंडळ्यांस तसेच करण्याचा आग्रह धरिला, आणि १९०१ साली त्या शहरात पाच शाळा उघडल्या. शिकवावयास त्यांनी युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतील विद्यार्थी घेतले. एका उन्हाळ्यात ह्या पाच शाळांत सुमारे हजार मुले आली, असे नमूद आहे.

बोव्हिल ह्यांचा हिशेब फार साधा होता, आणि आमच्या मते आजच्या भाषणात घरी नेण्यासारखे जर काही असेल तर ते हेच. उन्हाळ्यात त्यांना तीन गोष्टी रिकाम्या पडलेल्या दिसल्या. मुले रिकामी, कारण शाळेला सुट्टी. चर्चच्या इमारती रिकाम्या. कारण रविवारखेरीज त्यांचे दार उघडावयाचे कारण नाही. आणि महाविद्यालयांतील तरुण रिकामे. कारण त्यांनाही सुट्टी. तीन रिकाम्या गोष्टी वेगवेगळ्या पडून राहिल्या तर तिन्ही वाया जातात, एकत्र आणिल्या तर शाळा होते. नवा पैसा फारसा नको, नवी इमारत नको. जे आहे त्याचेच दार उघडावयाचे.

पुढील वाढ थोडक्यात सांगतो. हे कार्य न्यूयॉर्कबाहेर इतर शहरांत गेले, इतर प्रॉटेस्टंट पंथांनी ते उचलिले, १९०७ साली त्यासाठी राष्ट्रीय समिती झाली, आणि १९२२ साली बोव्हिल ह्यांनी जागतिक संघ स्थापिला. १९२३ साली अमेरिकेतील स्टँडर्ड पब्लिशिंग ह्या प्रकाशनसंस्थेने अशा शाळेचा संपूर्ण पाठ्यक्रम छापून काढिला, तेव्हा खेडेगावच्या मंडळीसही ती चालविणे सुलभ झाले. आज आपल्या महाराष्ट्रातही प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मुले मे महिन्यात ‘व्हीबीएस’ला जातात. ह्या तीन अक्षरांचे मूळ एका गुत्त्यात आहे, हे त्या मुलांस कोणी सांगत असेल काय?

आता आपण आपल्या घराकडे वळू. पवित्र सभेस हे सर्व नवे होते काय? मुळीच नाही. १५३६ साली इटलीतील मिलान शहरी कास्तेलिनो दा कास्तेलो ह्या धर्मगुरूंनी मुलांसाठी ख्रिस्ती शिक्षणाच्या शाळा आरंभिल्या, आणि पुढे त्याच शहराचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो ह्यांनी त्या वाढविल्या. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले आणि हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांस व गुलामांस ज्ञानोपदेशासाठी हाका मारीत हिंडू लागले. बंधुभगिनींनो, ती घंटा मंदिराच्या मनोऱ्यावरची नव्हती. ती हातातली होती, चालती होती. मनोऱ्यावरची घंटा म्हणते, ‘या’. हातातली घंटा म्हणते, ‘मी आले’. श्रीमती हॉज ह्यांनी साडेतीनशे वर्षांनंतर जे केले ते ह्या दुसऱ्या घंटेचेच काम होते, मग त्यांस त्या संताचे स्मरण असो वा नसो.

पोप दहावे पायस ह्यांनी १९०५ साली जे विश्वपत्र काढिले त्यात धर्माविषयीचे अज्ञान हेच अनेक अनर्थांचे मूळ असल्याचे सांगून, प्रत्येक धर्मगुरूने रविवारी व सणावारी एक तास मुलांस शिकवावे, अशी आज्ञा केली. आणि १९१० च्या आदेशपत्राने सुमारे सात वर्षांच्या मुलांस ख्रिस्तशरीर घेण्याची मोकळीक दिली. ह्या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दान लवकर मिळू लागले. तेव्हा तयारीही लवकर आणि नेटाने झाली पाहिजे. एक तास ही कमीत कमी मर्यादा होती. आपण मात्र त्या कमीत कमीलाच पुरेसे समजून बसलो.

ही उणीव अमेरिकेतील एका कॅथलिक धर्मगुरूंच्याही लक्षात आली. फादर एडविन ओहारा हे ऑरेगॉन प्रांतातील यूजीन गावी होते. तेथील कॅथलिक शेतकऱ्यांची घरे दूरदूर विखुरलेली, कॅथलिक शाळा जवळ नाही, मुले सरकारी शाळेत जात. १९२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मभगिनींच्या साहाय्याने अशा मुलांसाठी सुट्टीतील धर्मशाळा भरविल्या. न्यूयॉर्कच्या त्या गुत्त्यातील शाळेस तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. १९२३ साली ग्रामीण कॅथलिक जीवनासाठी जी राष्ट्रीय परिषद अमेरिकेत स्थापन झाली, तिचे तेच प्रवर्तक. आणि १९३० साली बिशप झाल्यावर धर्मशिक्षण-बंधुसंघाचे कार्य त्यांनी देशभर नेले. त्यांचा मृत्यू १९५६ साली रोमच्या वाटेवर मिलान शहरी झाला, जेथे चारशे वीस वर्षांपूर्वी मुलांच्या त्या शाळांचा आरंभ झाला होता.

आता इतिहास संपला आणि हिशेब उरला. वर्षाचे रविवार बावन्न. त्यांतून दिवाळी, नाताळ, परीक्षा, पावसाचे दिवस आणि मे महिना वजा करा. चाळीस उरले तर पुष्कळ. म्हणजे वर्षाकाठी चाळीस तास, आणि प्रत्येक तासानंतर सात दिवसांचा विसर. उलट सुट्टीत चार आठवडे, आठवड्यास पाच दिवस, दिवसास तीन तास घेतले तर साठ तास होतात. आणि काल शिकविलेले आज आठवते. आपण मुलांस पाढे आठवड्यातून एकदा शिकवीत नाही. मग ‘हे आमच्या बापा’ ह्या प्रार्थनेचा अर्थ तेवढा आठवड्यातून एकदा शिकविला तर उगवेल, ही आशा कशाच्या आधारावर?

पण हिशेबाहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही हा सारा इतिहास आपल्यापुढे मांडिला. बाप्तिस्त लोक तान्ह्या बालकांस बाप्तिस्मा देत नाहीत. ह्या बाबतीत आपला व त्यांचा मतभेद आहे आणि तो लहान नाही. पवित्र सभेची शिकवण आपण निःशंक मनाने धरितो. परंतु त्याच कारणाने ही कथा आपल्या वर्मी लागते. त्या बाईंनी गुत्त्यात ज्या मुलांस जमविले त्यांच्यापैकी एकाचाही भार त्यांच्या मंडळीने पत्करिला नव्हता. ती मुले त्यांच्या नोंदवहीत नव्हती, त्यांच्या भाषेची नव्हती, कित्येक तर त्यांच्या धर्माचीही नव्हती. तरी त्या गेल्या. आणि आपण? आपल्या प्रत्येक बालकास आपण जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा-कुंडापाशी आणितो. त्याच्या वतीने श्रद्धा प्रगट करितो. मेणबत्ती पेटवून हाती घेतो आणि ही ज्योत विझू देणार नाही, असे आई-बाप व धर्ममातापिता सर्वांसमक्ष वचन देतात. नोंदवहीत नाव चढते. ज्यांनी वचन दिले नव्हते त्यांनी गुत्ता भाड्याने घेतला. ज्यांनी वचन दिले आहे त्यांस स्वतःचे सभागृह उघडणे जड जावे काय?

कोणी म्हणतील, सुट्टी ही मुलांच्या विसाव्यासाठी असते. बिचाऱ्यांस आंबे, करवंदे आणि आजोळ भोगू द्या. खरे आहे, आणि आम्हांसही ते हवे आहे. परंतु आजची मुले खरोखरच बावखलात डुंबत आणि वाडीत हुंदडत असती, तर आम्ही कदाचित गप्प बसलो असतो. डुंबावयाची बावखले बुजत चालली, वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि मुले घरोघरी हातातल्या मोबाईलवर मान मोडून बसलेली आपण सगळेच पाहतो. न्यूयॉर्कच्या मुलास रस्ता शिकवीत होता. आपल्या मुलास तो रस्ता आता माजघरात येऊन शिकवितो. एवढाच फरक.

दुसरे कोणी म्हणतील, शिकवावयास माणसे कोठून आणावयाची? त्यांनी बोव्हिल ह्यांच्या तीन रिकाम्या गोष्टी आठवाव्या. महाविद्यालयात जाणारे आपले तरुण-तरुणी मे महिन्यात घरीच असतात. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांची आपल्या धर्मग्रामात वाण नाही. आयुष्यभर ज्यांनी इतरांची मुले शिकविली त्यांच्या अनुभवास गंज चढू देणे हे पाप नव्हे, तरी अपव्यय खचित आहे. सभागृह लग्नसराईचे दिवस सोडले तर सकाळी कुलूपबंद असते. धर्मभगिनींचे मार्गदर्शन आहे. पैसा लागेल तो खडू, रंग, कागद आणि घोटभर सरबत ह्यांपुरता.

आणि एक विनंती अधिक. आपल्या शिवेवर जी भाड्याची घरे उठली आहेत, त्यांत दूरदूरच्या गावांहून पोटासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांची मुले मिस्सेला मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात; त्यांची भाषा निराळी, कपडे साधे, आणि आपली मुले त्यांस नावाने हाक मारीत नाहीत. बंधुभगिनींनो, १८९८ साली न्यूयॉर्कच्या पूर्व बाजूस जी मुले होती ती हीच. शाळा काढावयाची झाली तर तिचा एक वर्ग सभागृहात भरवा, पण दुसरा तेथे, त्या चाळींच्या अंगणात भरवा. ती मुले आपण होऊन आपल्या सभागृहाची पायरी चढतील, ह्याची वाट पाहू नका. वाट पाहावयाची असती तर तो गुत्ता गुत्ताच राहिला असता.

ह्या शाळेत शिकवावयाचे काय, हे ठरविणे प्रमुख धर्मगुरूंकडे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. आम्ही इतकेच सुचवितो की, बाप्तिस्तांकडून पवित्र शास्त्राची गोडी घ्यावी आणि आपल्याकडील साक्रामेंतांची संपत्ती तिला जोडावी. मुलांस शुभवर्तमानातील कथा सांगावी व त्या कथेतून मिस्सेकडे न्यावे. संतांची चरित्रे सांगावी, मराठी भक्तिगीते शिकवावी, हातांना काम द्यावे, आणि दिवसाच्या अखेरीस काही क्षण पवित्र साक्रामेंतापुढे शांत बसवावे. मूल चार आठवडे रोज काही क्षण शांत बसावयास शिकले, तर पुढे आयुष्यात केव्हा तरी त्यास बसावयाची जागा आठवेल.

धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा आढावा आज आपण घेतला. आणखी पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा आज ह्या सभेत आईच्या मांडीवर पेंगत असलेली मुले ती लिहितील. त्यांत आपण बांधलेल्या इमारतींची यादी असेलच. इमारतींची यादी करणे सोपे असते. परंतु ‘अमुक साली सुट्टीत रोज आम्हांस कोणी तरी बोलाविले, आणि आम्ही गेलो नाही तेव्हा आम्हांस आणावयास आले,’ एवढे एक वाक्य त्यांस मनापासून लिहिता आले, तर आजचा महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

येता मे महिना फार दूर नाही. समितीने पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, आणि ज्यांस ह्या कामी सकाळचे तीन तास देता येतील त्यांनी आपली नावे धर्मगुरूंकडे नोंदवावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो. ज्या प्रभूने बालकांस आपल्याजवळ येऊ द्यावे, त्यांस अडवू नये, असे शिष्यांस बजाविले, तो आपल्या ह्या धर्मग्रामातील प्रत्येक बालकास, घरच्या आणि परगावच्या, आपल्याजवळ घेवो. आणि त्यांच्या वाटेत आपण कोणी आड येऊ नये अशी सुबुद्धी आपणांस देवो, हीच पवित्र मरियेच्या मध्यस्थीने त्याच्या चरणी प्रार्थना.